परवाना कुणाला? बंदुकीच्या वादाच्या चार बाजू

‘गन कंट्रोल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. शाळेतला गोळीबार, रस्त्यावर लावलेल्या मेणबत्त्या आणि टीव्हीवर पुन्हा तीच चर्चा. हा वाद आपला नाहीच, असं वाटून आपण चॅनेल बदलतो. खरं तर तो आपल्याकडेही आहे, फक्त त्यातला प्रश्न वेगळा आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. त्यामुळे तिथे भांडण होतं ते या हक्काला किती मर्यादा घालायची यावर. भारतात असा घटनात्मक हक्क नाही. इथे बंदूक मिळते ती सरकारी परवान्याने. म्हणून आपला प्रश्न असा: परवाना कुणाला द्यायचा, आणि कशाच्या आधारावर?

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. म्हणजे मी स्वतः यंदापासून अर्ज करू शकते! (आई, घाबरू नकोस.) अर्ज साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात आणि मग निर्णय होतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात तर ती एकच होती. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच कायद्यातल्या दोन गोष्टी फारशा कुणाला माहीत नसतात. कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पिस्तुलासारख्या शस्त्रासाठी ‘योग्य कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते, शेतकऱ्याच्या या बंदुकीसाठी वाट त्यामानाने सोपी ठेवली आहे. आणि कलम १४ म्हणतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. थोडक्यात, कायद्याच्या कागदावर तरी गरिबाची भीती श्रीमंताच्या भीतीइतकीच खरी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पहिली बाजू: बंदुका जितक्या कमी तितकं बरं

या बाजूचं म्हणणं सरळ आहे. राग सगळ्यांनाच येतो. हाताशी काठी असली तर डोकं फुटतं, बंदूक असली तर माणूस जातो. शिवाय परवाना एकाच्या नावावर असला तरी शस्त्र त्याच्याच हातात राहील याची खात्री नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाची गोळ्या झाडून हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतःवरही गोळी झाडली. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. ऑस्ट्रेलियाचा दाखलाही दिला जातो. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ माणसं मारली गेल्यावर तिथल्या सरकारने कायदे कडक केले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून परत घेतल्या.

दुसरी बाजू: गुंड अर्ज करत नाही

यावर उत्तर येतं की गावठी कट्टा वापरणारा माणूस जिल्हाधिकारी कार्यालयात रांग लावत नाही. नियम कडक केले की अडतो तो सरळ माणूस. रात्री दुकानाची रोकड घेऊन घरी जाणारा व्यापारी किंवा ठाण्यापासून लांब एकट्याने राहणारं कुटुंब, यांनी पोलीस येईपर्यंत काय करायचं? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण घरातली बंदूक ऐनवेळी चोराऐवजी लहान मुलाच्या हातीही लागू शकते, याचं उत्तर या बाजूलाही द्यावं लागतं.

तिसरी बाजू: कोकणातला शेतकरी

सिंधुदुर्गात आणि गोव्यात बंदूक म्हणजे रुबाब नाही, ते शेतीचं अवजार आहे. माकडं, रानडुकरं, गवे येतात आणि भात, नारळ, केळी फस्त करतात. बहुतेक वेळा नुसता बार काढून जनावर पळवायचं असतं. (मारायचं असेल तर वन्यजीव कायदा आडवा येतो, त्याची परवानगी वेगळी.) पण निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात आणि नेमकं तेव्हाच पीक उभं असलं तर राखण कशी करायची? २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गोव्यातूनच असं प्रकरण गेलं होतं. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करू नका, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा, असा त्या निकालाचा रोख होता.

चौथी बाजू: नि:शस्त्र प्रजा कुणाला हवी होती?

१८५७ च्या उठावानंतर, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधलं. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसने सुरुवातीच्या वर्षांतच त्याला विरोध केला, पुढे गांधीजींनीही त्यावर कडक टीका केली. अहिंसा शिकवणाऱ्या माणसाने ती करावी, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आपल्या सिल्वासाला ही बाजू परकी नाही. २२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा पोर्तुगीजांकडून मुक्त झालं, २ ऑगस्टला सिल्वासा. आलेले स्वयंसेवक पूर्ण नि:शस्त्र नव्हते. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते. दादऱ्याला गेलेल्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचं नेतृत्व फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्याकडे होतं, आणि तिथे मारला गेलेला पोलीस अधिकारी होता अनिसेतो दो रोझारिओ. दोन्ही नावं आपल्या चर्चच्या नोंदवहीत शोभतील अशी. स्वातंत्र्याचा दिवस आपण आनंदाने साजरा करतो, करायलाच हवा. पण बंदुकीच्या दोन्ही टोकांना माणूसच होता, हेही तोच इतिहास सांगतो.

मग कुणाचं खरं?

चारही बाजू भीतीबद्दलच बोलतात. कुणाला गोळीची भीती आहे, कुणाला चोराची, कुणाला पीक जाण्याची, कुणाला सत्तेची. परवाना देणारा अधिकारी खरं तर यातली कोणती भीती खरी, हे ठरवत असतो.

इथेच बीडचं उदाहरण बोलकं ठरतं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या दहशतीची चर्चा सुरू झाली आणि एकट्या बीडमध्ये बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. कमरेला पिस्तूल लावलेले, हवेत गोळीबार करणारे फोटो-व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. मग शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. एवढे रद्द करण्याजोगे होते, तर ते देताना कोणतं ‘योग्य कारण’ पाहिलं होतं?

मला वाटतं, बंदुका किती असाव्यात यावर आपलं कदाचित कधीच एकमत होणार नाही. पण एका गोष्टीवर व्हायला हरकत नाही. परवाना नाकारताना कारणं लेखी नोंदवा, असं कायदा सांगतो. देतानाही ती तितकीच स्पष्ट लिहावीत आणि लोकांना पाहता यावीत. तसं झालं तर भाताच्या खाचरात रात्र काढणाऱ्याची गरज आणि कमरेला मिरवणाऱ्याची हौस यांतला फरक निदान कागदावर तरी दिसेल.