डोळ्यातल्या कमानी : केव्हा बसवाव्यात?

एखाद्या मुलाच्या चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो. नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे पसरट, दुहेरी दिसतात. असे का होत असेल? यामागचे एक कारण म्हणजे केराटोकोनस, अर्थात शंकूसारखे झालेले पारपटल.

पारपटल म्हणजे डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण प्रकाशकिरण वळवण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू त्याला बळकटी देतात. केराटोकोनसमध्ये ही बळकटी कमी होते. पडदा पातळ होतो आणि डोळ्याच्या आतल्या दाबामुळे पुढे येतो. घुमटाचा शंकू बनतो, तोही बहुधा एका बाजूला कललेला. असा वेडावाकडा आकार चष्म्याच्या काचेने भरून निघत नाही. कठीण कॉन्टॅक्ट लेन्सने पुष्कळदा निघतो, कारण लेन्स व पारपटल यांमधली पोकळी अश्रू भरून काढतात आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

लेन्स सोसत नसेल तर? पारपटलाच्या जाडीत, कडेजवळ, बोगदा करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या एक किंवा दोन बारीक कमानी सरकवता येतात. झोळ पडलेल्या कापडाला कडेने चुण्या घातल्या की मधला झोळ कमी होतो; तसाच मधला शंकू थोडा सपाट होतो. अमेरिकेत 2004 मध्ये केराटोकोनससाठी या कमानींना मान्यता मिळाली. गरज पडल्यास त्या काढताही येतात.

मग लगेच बसवाव्यात का? इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत : आज दिसते किती, आणि आजार वाढतो आहे का? कमानी आकार सुधारतात, पण आजार थांबवतीलच असे नाही. चष्मा किंवा लेन्स बहुधा नंतरही लागते. कधी कमान सरकते, कधी जंतुसंसर्ग होतो. पारपटल फार पातळ झाले असेल किंवा मध्यभागी व्रण असेल, तर हा उपाय सहसा योग्य ठरत नाही.

आजार वाढत असेल तर आधी त्याला आवर घालायला हवा. त्यासाठी रिबोफ्लेविनचे (जीवनसत्त्व बी-2) थेंब घालून पारपटलावर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात. जर्मनीत विकसित झालेल्या या पद्धतीचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र गेलेली नजर तिने फारशी परत येत नाही. म्हणजे एक उपाय आकारासाठी, दुसरा बळकटीसाठी. काही रुग्णांना दोन्ही लागतात. पारपटलाचे रोपण हा शेवटचा मार्ग.

हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि लहान वयात वेगाने वाढतो. म्हणून वेळ महत्त्वाची. सतत डोळे चोळण्याने तो बळावतो, हेही आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे. वारंवार नंबर बदलणाऱ्या मुलाच्या पालकांना आपण एवढेच सुचवावे : नुसता नंबर काढून थांबू नका, पारपटलाच्या आकाराचा नकाशाही काढून घ्या.