किण्व : तळाचा गाळ की संधानाचे बीज?

आसव-अरिष्टे तयार करणाऱ्या प्रत्येक फार्मसीधारकास दोन प्रसंगांची धास्ती असते. थंडीच्या दिवसांत संधान सुरूच होत नाही आणि उन्हाळ्यात ते सुरू होते, परंतु मद्यत्वाऐवजी अम्लत्वास जाऊन त्याचे शुक्त बनते. अशा वेळी "बेकरीचे यीस्ट चमचाभर टाका" असा सल्ला सर्रास दिला जातो. काही व्यवसायबंधूंनी आम्हांस याच्याही पुढचा प्रश्न विचारला. परदेशात हौशी मंडळी गव्हाच्या बिअरच्या बाटलीतील गाळापासून यीस्ट वाढवून घरी बिअर बनवितात. मग तसेच यीस्ट अरिष्टात का वापरू नये? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या विधीत आपण शिकावे असे बरेच आहे आणि आपण घेऊ नये असेही काही आहे. त्या दोहोंचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथोक्त किण्व

शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडात संधानकल्पनेचे वर्णन करताना सुरेच्या वरच्या स्वच्छ भागास प्रसन्ना, त्याखालील घन भागास कादंबरी, त्याहून खालच्या भागास जगल आणि अधिक घन भागास मेदक अशी नावे दिली आहेत. सार काढून घेतलेला चोथा तो बक्कस आणि सुराबीज ते किण्व. गाळाचे इतके भेद करून त्यातील एका भागास 'बीज' म्हणावे, यातच आचार्यांचे सूक्ष्म निरीक्षण दिसते. सूक्ष्मदर्शक नसतानाही, या अंशापासून पुढील संधान उत्पन्न होते हे त्यांस ज्ञात होते.

आधुनिक परिभाषेत किण्वातील कार्यकारी घटक म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी व तत्सम यीस्ट. पाश्चरने 1876 साली बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध करून बिअर बिघडण्यामागे इतर सूक्ष्मजीव असतात हे दाखविले. 1883 साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून ते उत्पादनात वापरले. आपल्याकडे धातकीपुष्पे, म्हणजे धायटीची फुले, ही यीस्टची नैसर्गिक वाहक ठरतात. तथापि फुले जुनी, बुरशी लागलेली अथवा कडक उन्हात करपलेली असतील, तर त्यांवर जिवंत यीस्ट कितपत उरले असेल याची शाश्वती नसते.

गव्हाच्या बिअरचे वैशिष्ट्य

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात 'वाइसबिअर' नावाची बिअर बनते. तिच्यात निम्म्याहून अधिक भाग मोड आणून वाळविलेल्या गव्हाचा असतो. तिचा जो प्रकार न गाळता बाटलीत भरतात त्यास 'हेफेवाइत्सेन' म्हणतात. 'हेफे' म्हणजे यीस्ट. बाटलीच्या तळाशी पांढुरका गाळ दिसतो तो हाच. 'क्रिस्टाल' हा प्रकार मात्र गाळलेला व स्वच्छ असतो. तो या कामी निरुपयोगी होय.

या बिअरला पिकल्या केळ्यासारखा आणि लवंगेसारखा गंध असतो. तिच्यात केळे वा लवंग यांपैकी काहीही घातलेले नसते. आयसोअमाइल अॅसिटेट हे द्रव्य यीस्टच निर्माण करते, त्यामुळे केळ्याचा गंध येतो. धान्यातील फेरुलिक आम्लाचे तेच यीस्ट 4-व्हिनाइल ग्वायकॉल या द्रव्यात रूपांतर करते, त्यामुळे लवंगेचा गंध येतो. त्याच धान्यरसात दुसऱ्या जातीचे यीस्ट घातले तर हे गंध उत्पन्न होत नाहीत. यीस्ट केवळ साखरेचे मद्य करून थांबत नाही. वनस्पतिज द्रव्यांतही ते बदल घडविते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानी ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

बाटलीतून बीज वाढविण्याचा विधी

1. बाटली शक्य तितकी ताजी घेतात. काल, उष्णता आणि मद्यांश यांमुळे यीस्टच्या पेशी मरत जातात. काही ब्रुअरी मूळ यीस्ट काढून टाकून बाटलीत निराळ्याच जातीचे यीस्ट घालतात, तर काही पाश्चरीकरण करतात. म्हणून बाटलीची निवडही जाणीवपूर्वक करावी लागते.

2. बाटली एक-दोन दिवस शीतकपाटात उभी ठेवतात. गाळ तळाशी बसल्यावर तोंड स्पिरिटने पुसून ज्योतीवर फिरवितात, वरची बिअर हलकेच ओतून घेतात आणि तळाचा थोडा अंश राखतात.

3. पाण्यात माल्टचा अर्क, लिटरला साधारण 50 ग्रॅम या प्रमाणात, विरघळवून दहा-पंधरा मिनिटे उकळतात व झाकून थंड करतात. असे 50 ते 100 मिलि द्रावण निर्जंतुक पात्रात घेऊन त्यात गाळ घालतात. तोंड सैल झाकतात आणि 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानात ठेवून अधूनमधून हलवितात.

4. दोन-चार दिवसांत बुडबुडे येतात व तळाशी पांढरा थर वाढतो. मग सुमारे 500 मिलि आणि त्यानंतर एक-दोन लिटर, असे क्रमाने वाढवितात. प्रत्येक पायरीवर गंध व चव पाहतात. आंबट वा दुर्गंधी वाटल्यास मोह न धरता सर्व टाकून देतात.

ही क्रमवृद्धी कशासाठी? 20 लिटर बिअरसाठी साधारण 150 ते 200 अब्ज जिवंत पेशी लागतात. एका बाटलीत त्या जेमतेम एक-दोन अब्ज असतात, शिवाय त्यांतील काही मृत. अल्प बीज मोठ्या पात्रात टाकले तर ते वाढेपर्यंत जीवाणूंना मोकळे रान मिळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर बनविण्यास मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. वरील विधी केवळ तत्त्व समजावे म्हणून दिला आहे.

आमची चूक

किण्वाचे महत्त्व आम्हांस नुकसान सोसून कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या फार्मसीत द्राक्षारिष्टाचे एक संधान उत्तम उतरले. त्याचा तळाचा गाळ आम्ही हौसेने राखून ठेवला, परंतु पात्राचे तोंड केवळ फडक्याने बांधले आणि ते उन्हाळ्यात तीन आठवडे तसेच राहिले. पुढील तीन पात्रांत तोच गाळ घातला. फेस आला, नादही ऐकू आला. आम्ही निश्चिंत झालो. महिन्याने उघडून पाहतो तो तिन्ही पात्रांतून शिरक्याचा गंध! फडक्यातून खेळत्या हवेमुळे गाळात मद्याचे आम्ल करणारे अॅसिटोबॅक्टर जीवाणू माजले होते. बीज म्हणून जे आम्ही पेरले तो रोगच होता. द्राक्षे, गूळ आणि श्रम वाया गेले ते गेलेच. परंतु घाईत चव न पाहता ते औषध रुग्णांपर्यंत गेले असते, तर ती हानी कशाने भरून निघाली असती?

फार्मसीधारकांसाठी बोध

बिअरचे अथवा बेकरीचे यीस्ट अरिष्टात घालण्याच्या मताचे आम्ही नाही. कारण वर आलेच आहे. यीस्टची जात बदलली की वनस्पतिज द्रव्यांतील रूपांतर बदलू शकते आणि त्याबरोबर औषधही. शिवाय ग्रंथोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या योगात ग्रंथात नसलेले द्रव्य घालणे कायद्याच्या दृष्टीनेही निर्वेध नाही. मात्र त्या हौशी मंडळींची शिस्त अवश्य घ्यावी.

किण्व त्याच योगाच्या निर्दोष संधानातून घ्यावे. कुटजारिष्टाचे किण्व द्राक्षारिष्टात घालू नये. संधान संपल्यावरच्या गाळात प्रक्षेपाचे चूर्ण व मृत पेशी पुष्कळ असतात, म्हणून संधान भरात असतानाच, फेसाजवळचा अंश स्वच्छ पळीने घ्यावा. बव्हेरियातही वाइसबिअरचे यीस्ट परंपरेने वरच्या फेसातूनच काढीत. हा अंश त्याच योगाच्या उकळून थंड केलेल्या, अल्प गूळ घातलेल्या क्वाथात क्रमाने वाढवावा. आरंभीच गुळाचे प्रमाण अधिक ठेवल्यास यीस्टची वाढ खुंटते. रसायनांनी उजळ केलेला गूळ टाळावा, त्यातील सल्फाइट यीस्टला मारक ठरते. किण्व राखावयाचे असल्यास झाकून शीतकपाटात ठेवावे आणि एक-दोन आठवड्यांत वापरावे. काही संधानांनंतर ते टाकून पुन्हा ताज्या धातकीपुष्पांपासून आरंभ करावा.

सूक्ष्मदर्शक असल्यास किण्वाचा थेंब मिथिलीन ब्ल्यूने रंगवून पाहावा. मृत पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. बारीक काड्यांसारखे जीवाणू पुष्कळ दिसल्यास ते किण्व त्याज्य समजावे. सूक्ष्मदर्शक नसेल तर नाक आणि जीभ या दोन परीक्षा आहेतच. पात्रात जळती काडी विझणे आणि चुन्याची निवळी दुधाळ होणे ही लक्षणे वायू निर्माण होत असल्याचे सांगतात, संधान शुद्ध असल्याचे नव्हे. आमची फसगत नेमकी येथेच झाली.

आचार्यांनी किण्वास बीज म्हटले. शेतकरी बियाणे निवडतो, पारखतो, कोरडे राखतो आणि किडलेले असल्यास पेरीत नाही. तेवढी काळजी आपण संधानाच्या बीजाची घेतली, तर बाहेरच्या चमचाभर यीस्टची गरज क्वचितच पडेल.