जलभंजन : पाणी की पाण्याची वाट?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, बोअर फेल गेलाय. जलभंजन करून घेऊ का?" आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला हे का विचारावं! पण प्रश्न पाण्याचा आणि पैशाचा आहे, तेव्हा नीट पाहू.

ही युक्ती मुळात तेल-वायूवाल्यांची. बंगालात राणीगंजला कोळशातून मिथेन वायू काढतात. कोळशाच्या थरात बारीक चिरा असतात, त्यांत पाणी भरलेलं असतं आणि वायू कोळशाच्या अंगाला चिकटून बसलेला असतो. पाण्याचा दाब त्याला धरून ठेवतो. म्हणून आधी पाणी उपसायचं. दाब उतरला की वायू सुटतो. पण चिरा विहिरीला जोडलेल्याच नसतील तर तो येणार कुठून? मग पोलादी नळीला थराच्या पातळीवर भोकं पाडतात, जोरानं पाणी दाबून थर फाडतात आणि त्याबरोबर वाळू सोडतात. वाळू कशाला? पंप थांबला की फट मिटते. कण पाचरीसारखे अडकले तर उघडी राहते.

आता आपल्या नगरला या. (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायचीय.) इथे कोळसा नाही, लाव्ह्याचे थर आहेत. काळा फत्तर ठणठणीत कोरडा; पाणी असतं ते मांजऱ्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात, भेगांत. बोअर जेमतेम सहा इंची. भेग हातभर अंतरावरून गेली तरी तो कोरडाच! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा बोअरांवर जलभंजन करते. केसिंगच्या खाली, पक्क्या खडकात रबरी पॅकर फुगवून भोक बंद करायचं आणि त्याखाली पाणी दाबायचं. काटा चढत जातो. एकदम उतरला की समजायचं, वाट झाली. इथे सहसा वाळू लागत नाही. कठीण खडकाच्या खडबडीत कडा पुन्हा तंतोतंत बसत नाहीत, शिवाय जुन्या भेगांतला गाळही धुऊन निघतो.

घोटाळा होतो तो इथे. काटा उतरला म्हणजे वाट झाली, पाणी लागलं असं नव्हे. साऱ्या शिवाराची पातळीच खाली गेली असेल तर ती वाट कोरडीच राहणार. आणि ती शेजाऱ्याच्या विहिरीकडेही जाऊ शकते. म्हणूनच 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मज्जाव केला. हिवरे बाजारनं तर शेतीसाठी बोअरच बंद केले आणि पाऊस मोजून पिकं ठरवली.

तर त्या श्रोत्याला माझं उत्तर असं : वस्तीवरचा हातपंप असेल, पूर्वी पाणी देत असेल आणि आता आटला असेल, तर जरूर करा. ऊसासाठी पाचशे फूट नेलेला आणि कधीच न भिजलेला बोअर असेल, तर पैसे घालू नका. आणि केलंच, तर त्याच दिवशी पेढे वाटू नका! पहिल्यांदा वर येतं ते टँकरनं आत घातलेलंच पाणी. ते उपसून टाका, मग चाचणी घ्या, आणि शेजारच्या विहिरीची पातळी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा.