एका खोबणीची खोली

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. तिच्या आधीं दोन महिने घरांत एक बेत ठरला, व त्यापायीं आम्हांस उतारवयांत एका नव्या विद्येची तोंडओळख करून घ्यावी लागली. ती विद्या म्हणजे राउटर नांवाच्या यंत्रानें लाकडांत हवी तेवढीच खोल खोबण पाडण्याची. विषय सुतारकामाचा खरा. परंतु हौसेनें हत्यार धरणारा एखादा तरुण आतां पुष्कळ घरांत असतो, व अशा घरीं आमचा अनुभव उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

जुना वाडा उतरविला तेव्हां ओसरीवरील झोपाळ्याची शिसवी फळी तेवढी आमच्या वांट्यास आली होती. त्या झोपाळ्यावर बसवून वडिलांनीं आमच्याकडून रूपावलि म्हणवून घेतली, आणि पुढें आम्हीं तेथेंच पुतण्याकडून. फळी एकच, तिचे पाट निघणार दोन. मातृभोजनास बटु व त्याची आई यांनीं त्या पाटांवर बसावें, व पाटांस पितळेच्या पट्टीची कड असावी, असें वहिनींच्या मनांत होतें. पूर्वीं असलें काम गांवांतील म्हातारा सुतार पटाशीनें करी. तो आतां नाहीं. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, खोबणी मी पाडतों, मापें तुम्ही सांभाळा." फळी बिघडली तर दुसरी आणावयाची कोठून, हें त्यानें विचारलें नाहीं व आम्हींहि बोलून दाखविलें नाहीं.

राउटर म्हणजे उभी धरलेली विजेची मोटर. तिच्या खालच्या टोंकास एक पकड असते, तिला कॉलेट म्हणतात. तींत कापणारें बिट अडकवावयाचें. हें बिट मिनिटास दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत फेरे घेतें, म्हणून डोळ्यांस चष्मा असल्यावांचून जवळहि जाऊं नये, व बिट बदलतांना तार भिंतींतून काढलेलीच असावी. हातांत धरण्याजोगीं अशीं यंत्रें अमेरिकेंत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारांत आलीं. आमच्या पुतण्याजवळ आहे तें प्लंज राउटर मात्र त्यानंतरचें. जर्मनींतील एलु कंपनीनें तें १९५० च्या सुमारास आणलें. त्यांत मोटर दोन खांबांवर वरखालीं सरकते. हातांनीं दाबली कीं बिट लाकडांत बुडी मारतें, खटका आवळला कीं तेथेंच थांबतें, आणि खटका सोडला कीं खांबांतील स्प्रिंगा त्यास पुन्हां वर आणतात.

बुडी किती खोल जावी हें एक उभी दांडी ठरविते. मोटरीबरोबर ती खालीं येते व बैठकीवरील पायऱ्यापायऱ्यांच्या फिरत्या टेक्यावर अडते. म्हणजे दांडीचें टोंक व टेका यांत जेवढें अंतर, तेवढीच खोबणीची खोली. दांडीच्या डोक्यास एक लहान फिरकी असते. तिच्या एका फेऱ्यानें दांडी एक मिलिमीटर सरकते, आणि फिरकीवर दहा खुणा आहेत. तेव्हां एक खूण म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. मळसूत्राच्या फेऱ्यांतून सूक्ष्म माप काढण्याची ही युक्ति मायक्रोमीटरची. फ्रान्समध्यें पामर यानें हातांत धरावयाच्या मायक्रोमीटरचें पेटंट १८४८ सालीं घेतलें.

मिलिमीटरचा दहावा भाग हें ऐकून आम्हांस कौटिल्य आठवला. अर्थशास्त्रांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य व आठ यवमध्यांचें एक अंगुल, असें कोष्टक आहे. वर्गांत हें सांगतांना उवा व लिखा यांची नांवें ऐकून मुलें हंसत, व आम्ही त्यांस दटावीत असूं. आतां हिशेब करून पाहिला. अंगुल पाऊण इंच धरलें तर यव होतो सुमारें २.४ मिलिमीटर, यूका ०.३ आणि लिक्षा जेमतेम ०.०४. आमची पितळेची पट्टी दोन मिलिमीटर जाड, म्हणजे यवाहून थोडी कमी. आणि फिरकीची एक खूण यूकेचा तिसरा हिस्सा. एवढ्या चुकीनें काय होतें, तें पट्टीवरून बोट फिरविलें कीं कळतें. खोबण तेवढी उथळ राहिली तर पट्टीची धार बोटास लागते, पण ती कानशीनें घांसतां येते. खोबण खोल गेली तर मात्र पट्टी लाकडाच्या खालीं जाते, आणि मग सगळा पाट रंध्यानें उतरविणें आलें. म्हणून पट्टी मुद्दाम एक दशांश वर ठेवावयाची, म्हणजे खोबण १.९ मिलिमीटर पाडावयाची, असें ठरलें.

पुतण्यानें प्रथम यंत्र फळीवर ठेवून, तार काढलेली असतांनाच, बिट पृष्ठभागास टेकेपर्यंत खालीं आणलें. टेकलें कीं नाहीं हें डोळ्यांस दिसत नाहीं. त्यासाठीं खालून कागदाची पट्टी ओढीत राहावयाची, व ती अडकली कीं थांबावयाचें. साधा कागद एक दशांश मिलिमीटर जाड असतो, तेवढा हिशेबांत धरावा. हें झालें शून्य. नंतर दांडी व टेका यांच्यामध्यें त्यानें मोजपट्टी न घालतां जी बसवावयाची ती पितळेची पट्टीच घातली, आणि दांडी तिच्यावर टेकवून आवळली. ही युक्ति आम्हांस फार आवडली. आंकडा वाचण्यांत चूक होईल, पण वस्तूच माप झाली तर चुकणार कोण? मग कागदाची एक खूण व वर ठेवावयाची एक, अशा दोन खुणा विचारांत घेऊन त्यानें फिरकी फिरविली. कागदामुळें बिट पृष्ठभागाच्या एक दशांश वर होतें, तेव्हां पट्टीच्या मापानें खोली आपोआपच १.९ येत होती. दोन खुणा फिरविल्यानें ती १.७ झाली असती! हें आम्हीं कागदावर मांडून दाखविलें तेव्हां कोठें फिरकी जागेवर परत गेली. बत्तीस वर्षें गणिताच्या वह्या तपासल्या, त्यांचा एवढा तरी उपयोग झाला.

फिरकी परत फिरवितांना आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. मळसूत्राच्या आट्यांत थोडी ढिलाई असतेच; दिशा बदलली कीं पहिला कांहीं भाग फिरकी नुसती फिरते, दांडी हालत नाहीं. यंत्र दाबलें कीं टेका दांडीस वर रेटतो. म्हणून शेवटचा फेरा नेहमीं दांडी खालीं ढकलणारा असावा. जास्त खालीं गेली तर पुष्कळ वर घेऊन पुन्हां खालीं आणावी. टेक्यावर भुशाचा एक कण राहिला तरी खोली तेवढी कमी होते. प्रत्येक बुडीपूर्वीं फुंकर मारण्याचें काम नातवाकडे दिलें होतें, व तें त्यानें संध्येपेक्षां अधिक निष्ठेनें केलें.

झोपाळ्याच्या दुसऱ्या एका तुकड्यावर आधीं खोबण पाडून पाहिली, व ती बरोबर उतरल्यावर पाट घेतला. तीन कडा उत्तम झाल्या. चौथ्या कडेच्या अखेरीस आम्हीं खोलीचें माप घेतलें तों २.८! खोबण आरंभीं बरोबर होती, पुढें हळूहळू खोल होत गेली होती. पुतण्यानें दांडी पाहिली, खटका पाहिला. सर्व जागच्या जागीं. बिट मात्र पकडींतून खालीं सरकलें होतें. दुपारीं बिट बदललें तेव्हां पाना आमच्या हातांत होता. "घट्ट झालें का, काका?" असें त्यानें विचारलें, आणि आम्ही "झालें" म्हणालों. पकड पुसलीहि नव्हती. शिवाय बिटाचा दांडा तळापर्यंत दाबून बसविला होता. तो तळास लावून दोन-तीन मिलिमीटर मागें ओढावा लागतो, नाहीं तर पकड त्यास नीट आवळत नाहीं. वर पिळाचें बिट फिरतां फिरतां स्वतःस लाकडांत ओढून घेत असतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. वहिनींस सांगण्याचें धैर्यहि झालें नाहीं. सकाळीं पुतण्यानेंच मार्ग काढला. त्याच फळीच्या कापातून त्यानें दीड मिलिमीटर जाडीची एक चीप काढली, ती खोबणीच्या तळाशीं चिकटविली, आणि दुसऱ्या दिवशीं पकड पुसून, बिट नीट आवळून, नव्यानें शून्य घेऊन, त्याच मापानें राउटर पुन्हां फिरविलें. चिपेचा वाजवीपेक्षां जास्त भाग निघून गेला व तळ सारखा झाला. बारीक तुकडा घासून बरोबर जाडीचा करीत बसण्यापेक्षां हा मार्ग पुष्कळ सोपा. वर पितळ बसल्यावर तेथें कांहीं झालें होतें हें कोणाच्या लक्षांत येण्यासारखें नव्हतें. वहिनींस आम्हीं तें मुंजीनंतर सांगितलें.

दुसरा पाट मध्यें किंचित वाटीसारखा होता. त्यावर यंत्राची बैठक दोन्ही बाजूंस टेकते व मध्यें अधांतरीं राहते, म्हणून मधली खोबण उथळ पडते. तो आधीं रंध्यानें सपाट करून घ्यावा लागला.

पट्ट्या इपॉक्सीनें बसविल्या. मात्र लाकडाच्या रेषेस आडव्या जाणाऱ्या पट्ट्या मध्यभागींच पक्क्या केल्या, टोंकांकडे रबरासारखा लवचिक राहणारा लेप दिला. पावसाळ्यांत लाकूड आडवें फुगतें, पितळ फुगत नाहीं. हें काम पावसाळ्यांत केलें असतें तर उन्हाळ्यांत लाकूड आकसून पट्टीनें मान वर काढली असती. चैत्रांत केल्यामुळें पट्टी उचलली जाणार नाहीं, कोपऱ्यांत फट मात्र पडेल, असें पुतण्यानें आधींच सांगून ठेविलें होतें. श्रावणांत सत्यनारायणासाठीं पाट काढले तेव्हां आम्हीं कोपऱ्यांत कागद घालून पाहिले. सहा गेले, सातवा अडला.