टाकी नव्हे, स्टँड समतल करा

पेठांतल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी बहुधा मोरीकडे उतरती असते. अशा जमिनीवर 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच मत्स्यटाकी काठोकाठ भरली, तर नुसतं पाणीच 340 किलो होतं. खरा धोका उतारापेक्षा पिळाचा: एक कोपरा अधांतरी राहिला की तळाच्या काचेवर ताण येतो, सिलिकॉनचा सांधा उकलतो. ‘खाली थर्मोकोल घातलाय की!’ असं म्हणतात. पण थर्मोकोल वाळूच्या कणाएवढा खडबडीतपणा गिळतो, उतार नाही. म्हणून स्टँडच्या पायांखाली धातूच्या पातळ चकत्या सरकवून, पाणसळ लावून आधी स्टँडच समतल करावा. मग टाकी अर्धी भरून चारही कोपऱ्यांत पाण्याची उंची पट्टीने मोजा. फरक दिसला तर पाणी काढूनच दुरुस्ती करा.