आजीची शिवराई

गेटवेहून मांडव्याची बोट पकडायची, नागावला आजीकडे दोन दिवस लोळायचं, मासे हाणायचे आणि रविवारी रात्री परत. माझा वीकएण्डचा हा ठरलेला फंडा. गेल्या खेपेला मात्र आजीने देवघरातून तांब्याचं एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "महाराजांच्या वेळचं आहे. तुलाच द्यायचंय."

नाणं एकदम चकाचक. कारण आजी ते दर दसऱ्याला चिंचेने घासते! मामाची थिअरी वेगळीच. शेजारचं चौल म्हणजे रोमन व्यापाराचं बंदर, 'पेरिप्लस'मधलं सेमिल्ला. तेव्हा नाणं रोमनच असणार.

मुंबईत आल्यावर ओळखीतल्या एका नाणेसंग्राहक काकांना गाठलं. त्यांनी आधी मामाचा निकाल लावला. रोमन नाण्यावर बहुतेक वेळा सम्राटाचा चेहरा असतो. चौथ्या शतकातल्या ब्राँझच्या बारक्या नाण्यांवर तर सगळे सम्राट सख्खे भाऊ वाटतात, म्हणून जाणकार मागच्या बाजूला तळाशी असलेली टांकसाळीची अक्षरं शोधतात. अशी नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत भरपूर मिळालीत. आमच्या नाण्यावर चेहरा नाही, देवनागरी आहे.

"म्हणजे शिवराई!" मी जाम खूश.

"शिवराईच. पण कधीची?"

गोम इथेच आहे. १६७४मध्ये राज्याभिषेक झाला आणि सोन्याच्या होनासोबत तांब्याची शिवराई आली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं कडं. पण महाराजांनंतरही दीडशे वर्षं वेगवेगळ्या टांकसाळींनी हाच मजकूर ठेवून शिवराया पाडल्या. अक्षर बिघडत गेलं, 'शिव'चा 'सिव' झाला, 'पति'चा 'पती'. त्यात ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच! उरलेल्या अक्षरांचं वळण, ठिपके आणि वजन यांवरून काळ ठरवायचा. बाजारात 'महाराजांच्या काळातली' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच शिवराया खऱ्या असतात, फक्त त्या काळातल्या नसतात. ओतीव नकली मालही असतो. भिंगातून बघा, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे किंवा कडेला जोडाची रेघ दिसली तर पाकीट खिशातच ठेवा. आणि स्वस्तात सोन्याचा होन देतो म्हणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार.

काकांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. 'छत्र' आणि 'पति'च्या मधे दोन आडव्या रेघा. ही दुदांडी शिवराई, पेशवाई बुडाल्यानंतरची, साधारण १८२०-३०च्या दशकांतली. म्हणजे चक्क कंपनी सरकारच्या राज्यातली! वर चिंचेबद्दल मला बोलणी बसली ती वेगळीच. तांब्यावरचा काळा-हिरवा थर नाण्याला जपतो. तो घासला की बारीक अक्षरंही जातात.

आता हे आजीला सांगणार कोण? पुढच्या शनिवारी, जेवण झाल्यावर, कशीबशी हिंमत केली. तिने नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"राज्य इंग्रजांचं, तरी नाव महाराजांचंच ना?"

"हो."

"मग झालं तर." आणि ते परत देवघरात गेलं. चिंचेची बरणी मात्र मी फडताळात अगदी वर सरकवून ठेवलीय.