बरं वाटल्यावरही गोळ्या का?

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात क्षयाचं निदान झालं की सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या मोफत मिळतात. काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो. मग सोंगणी-वेचणीच्या गर्दीत गोळ्या मागे पडतात. आपण त्याला रुग्णाचा हलगर्जीपणा म्हणून मोकळे होतो. पण बरं वाटणं आणि रोग संपणं यांत काही महिन्यांचं अंतर आहे, आणि त्याचं कारण जंतूच्या जगण्याच्या रीतीत आहे. ते कारण न सांगता ‘कोर्स पूर्ण करा’ एवढंच बजावलं, तर ते कुणाला का पटावं?

बहुतेक प्रतिजैविकं जंतूच्या चालू कामावर घाव घालतात. पेनिसिलिन पेशीभित्तिका बांधू देत नाही; आयसोनियाझिड क्षयजंतूच्या भित्तिकेतलं मायकोलिक आम्ल बनू देत नाही. बांधकामच बंद असेल तर औषधाला पकड मिळत नाही. डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये दाखवलं की पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही स्टॅफिलोकोकसचे मोजके जंतू उरतात, पण त्यांची संतती पुन्हा पेनिसिलिनला बळी पडते. म्हणजे त्यांच्यात प्रतिकार आला नव्हता, ते वाढ थांबवून तगले होते. यामागच्या यंत्रणा पुढे उलगडल्या. उपासमार झाली की जंतूत पीपीजीपीपी नावाचा रेणू साचतो आणि प्रथिनं बनवणारी नवी रायबोसोम बनणं थांबतं, म्हणून वाढही थांबते. खुद्द औषधही असाच इशारा देतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनमुळे ई. कोलाय या जंतूचा डीएनए तुटला की दुरुस्तीसाठी ‘एसओएस’ प्रतिसाद सुरू होतो. त्यातच टिसबी हे प्रथिन बनतं, ते काही जंतूंच्या पेशीपटलावरचा विद्युतभार घालवतं, ऊर्जा आटते आणि वाढ थांबते. हे २०१० मध्ये प्रयोगातून समोर आलं.

क्षयजंतू तर मुळातच संथ. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला जवळपास एक दिवस लागतो. फुप्फुसातल्या गाठींत प्राणवायू कमी पडला की तो आणखी मंदावतो. तणनाशकाने उगवलेलं तण जळतं, मातीतलं बी पुढच्या पावसाची वाट पाहतं. इथेही तसंच घडतं. पहिल्या दोन महिन्यांतल्या चार औषधांनी वाढणारे जंतू झपाट्याने मरतात, म्हणून बरं वाटतं. त्यांतलं पायराझिनामाइड आम्लधर्मी भागातल्या मंद जंतूंना गाठतं. उरलेले चार महिने मुख्यतः झोपी गेलेल्यांसाठी असतात.

यावर रास्त आक्षेप आहे: हल्ली डॉक्टरच म्हणतात की प्रतिजैविकं कमी दिवस पुरतात. अनेक साध्या संसर्गांत ते खरं आहे, आणि तिथे विनाकारण वाढवलेले दिवस शरीरातल्या इतर जंतूंत प्रतिकार वाढवतात. पण क्षयात हे तपासून झालं आहे. फ्लुरोक्विनोलोन वापरून उपचार चार महिन्यांवर आणण्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. थुंकी लवकर जंतुमुक्त झाली, तरी रोग उलटण्याचं प्रमाण जास्त राहिलं. २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेला चार महिन्यांचा उपचार मात्र यशस्वी ठरला. म्हणजे सहा हा आकडा अढळ नाही. पण तो बदलायचा तर चाचण्यांच्या पुराव्यावर, अंगातला ताप गेला म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप असा, की उरलेले जंतू औषधाला बळी पडणारेच असतील, तर गरज पडल्यावर पुन्हा गोळ्या घेता येतील. पण जेरुसलेमच्या नाताली बालाबान यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की आधी तग धरण्याची क्षमता वाढते आणि तिच्या आधारावर खरा प्रतिकार उभा राहतो. क्षयात असा प्रतिकार साचत गेला की काय होतं, ते मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळपास कुठलंच औषध लागू न पडणाऱ्या रुग्णांची नोंद केली तेव्हा देशाने पाहिलं.

म्हणून झोपलेल्या जंतूचं भान व्यवस्थेनेही ठेवायला हवं. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला १००० रुपये मिळतात, ते वेळेवर मिळावेत. ऊसतोडीला निघालेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबांच्या गोळ्या फडापर्यंत पोहोचाव्यात. आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, रुग्णाला सर्वांत बरं वाटत असताना, आशाताईंनी किंवा डॉक्टरांनी त्याच्याशी निवांत बोलून पुढचे चार महिने कशासाठी आहेत ते सांगावं. कारण कळलेला माणूस उपचार सोडण्याची शक्यता कमी असते.